पुढच्या एका पावलापुरता उजेड: देवाच्या मार्गदर्शनावर आणि कृपेवर रोज कसे विसंबावे

देवाची इच्छा कशी ओळखावी, हा प्रश्न आपण ख्रिस्ती माणसे बहुधा एखाद्या मोठ्या निर्णयाच्या तोंडावरच विचारतो. नोकरी सोडायची असते, लग्नाचे ठरवायचे असते, आजारी आईवडिलांजवळ राहावे की दूर जाऊन कमवावे याचा निकाल लावायचा असतो, आणि मग एरवी धावतपळत वाचलेले पवित्र शास्त्र आपण निराळ्याच अधीरतेने उघडतो. ही अधीरता प्रामाणिक असते, यात शंका नाही. पण तिच्या तळाशी बहुतेक वेळा भीती असते, आणि ती भीती तशीच ठेवून मार्गदर्शन मागितले तर मिळालेले मार्गदर्शनही नीट ऐकू येत नाही. म्हणून या लेखात मी क्रम थोडा उलटा ठेवला आहे. मार्गदर्शन कसे ओळखावे हे सांगण्याआधी कृपेवर टेकावे कसे, हे सांगणार आहे, कारण माझ्या स्वतःच्या जीवनात हा क्रम चुकला होता आणि तो दुरुस्त व्हायला बरीच वर्षे गेली.

मला एका नव्या ठिकाणी काम करण्याचे बोलावणे आले होते. पगार अधिक होता, घरापासून दूर जावे लागणार होते, आणि उत्तर तीन आठवड्यांत द्यायचे होते. त्या तीन आठवड्यांत मी रोज रात्री प्रार्थना करून बायबल कोठेही उघडत असे आणि जिथे नजर पडेल त्या ओळीत होकार किंवा नकार शोधत असे. एका रात्री अब्राहामाला देश सोडून निघण्याची आज्ञा झाल्याचा भाग समोर आला आणि मी आनंदलो. दुसऱ्या रात्री योना चुकीच्या दिशेला जाणाऱ्या जहाजात चढल्याचा भाग समोर आला आणि माझी झोप उडाली. शेवटी मी आमच्या मंडळीतील एका वृद्ध वडिलांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पगाराविषयी किंवा अंतराविषयी एक शब्दही न विचारता ते म्हणाले, "समज, तू निवडलेली वाट चुकीची निघाली. मग देव तुझ्याशी कसा वागेल, असे तुला वाटते?" मी बराच वेळ गप्प राहिलो. खरे उत्तर जिभेवर आले होते, पण ते उच्चारायची लाज वाटत होती. तो मला त्या वाटेवर एकटे सोडून देईल, असेच मला वाटत होते.

आधी कृपेवर टेकावे

त्या वडिलांनी मला जो पाठ दिला, तोच मी येथे पहिला देतो. एक साधी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर "माझा हा निर्णय चुकला, तर देव" एवढे शब्द लिहून ते वाक्य स्वतः पूर्ण करावे. उपदेशात शोभेल असे उत्तर लिहू नये; मध्यरात्री जाग आल्यावर मनात जे येते, ते लिहावे. त्याखाली रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातील 31 ते 39 ही नऊ वचने हाताने, सावकाश उतरवून काढावीत. उतरवताना हात मंद चालतो आणि त्यामुळे वाचताना निसटणारे शब्द सापडतात. पौल तेथे क्लेश, छळणूक, उपासमार, तलवार अशी नावे घेत जातो आणि यांपैकी काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही असे म्हणतो. त्या यादीत 'चुकलेला निर्णय' हे शब्द नाहीत, हे माझ्या लगेच लक्षात आले आणि मन थोडे खट्टू झाले. पण यादीच्या शेवटी तो म्हणतो की दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू ते करू शकणार नाही. माझा निर्णय, माझे अज्ञान, माझी घाई ही सारी त्या शेवटच्या शब्दांत येतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले.

कृपा म्हणजे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते, तरी निर्णयाच्या वेळी आपण अगदी त्याच्या उलट वागतो. इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात 8 ते 10 ही वचने सलग वाचली तर क्रम स्पष्ट होतो: तारण हे देवाचे दान आहे, ते कर्मांनी मिळालेले नाही, आणि त्यानंतर, त्या दानाच्या आधारावर, देवाने आधीच योजून ठेवलेल्या सत्कृत्यांमध्ये आपण चालावे अशी योजना आहे. दान आधी येते आणि चालणे त्यामागून येते. ज्याला हा क्रम पटला आहे, त्याला मार्गदर्शन मागताना हमीची गरज उरत नाही, आणि हमी मागणे थांबले की देवाचा नकारही शांतपणे ऐकता येतो.

ही खात्री एकदा पटून कायमची पुरत नाही, हे मात्र प्रत्येकाने गृहीत धरावे. रानात इस्राएल लोकांना मिळालेल्या मान्न्याचा वृत्तांत, निर्गमाचा 16वा अध्याय, या दृष्टीने पुन्हा वाचावा. दहिवर उडून गेल्यावर जमिनीवर बारीक खवल्यांसारखे काही पडलेले दिसे, प्रत्येकाने माणशी एक ओमर या मापाने ते गोळा करायचे, आणि उद्यासाठी ठेवायचे नाही. ज्यांनी ठेवले त्यांच्या भांड्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते खराब होत नसे. मला वाटते, आपल्या बऱ्याचशा चिंता म्हणजे उद्याचा मान्ना आजच गोळा करण्याची धडपड असते. पुढच्या महिन्यात होणाऱ्या शस्त्रक्रियेची भीती आज सोसवत नाही, याचा अर्थ आपला विश्वास कमी आहे असा होत नाही; त्या दिवसाला लागणारे बळ त्या दिवशी मिळायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणून सकाळी फोन हाती घेण्याआधी दोन मिनिटे बसावे आणि फक्त आजच्या गरजेचे नाव घेऊन प्रार्थना करावी. "मला सामर्थ्य दे" असे मोघम न म्हणता, "आज अकरा वाजता ज्या माणसाशी बोलायचे आहे त्याच्याशी बोलताना माझा तोल जाऊ देऊ नकोस" असे म्हणावे. असे नेमके मागितलेले संध्याकाळी आठवते, आणि त्याचे उत्तर मिळाले की नाही हे कळतेही.

जे सांगून ठेवले आहे ते आधी

देवाच्या इच्छेचा मोठा भाग लपलेला नाहीच. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल 4थ्या अध्यायात पवित्रीकरण ही देवाची इच्छा आहे असे सांगतो, आणि 5व्या अध्यायात सर्व स्थितीत उपकारस्तुती करणे ही देवाची इच्छा आहे असे सांगतो. मीखा संदेष्ट्याने न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्रभावाने चालणे यात सारे आणून ठेवले आहे. कामाच्या ठिकाणी खोटा हिशेब मांडावा का, भावाशी धरलेला अबोला सोडावा का, कामगाराची मजुरी अडवून ठेवावी का, या प्रश्नांसाठी वेगळ्या मार्गदर्शनाची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या मोठ्या निर्णयाविषयी महिनोन्महिने काही ऐकू येत नसेल, तर आधी स्पष्टपणे सांगितलेली एखादी गोष्ट आपण टाळत आहोत का, हे तपासून पाहावे. प्रत्येक वेळी तसेच असते असे माझे म्हणणे नाही, पण स्वतःच्या बाबतीत हे मी एकाहून अधिक वेळा अनुभवले आहे.

यासाठी पवित्र शास्त्र सलग वाचणे अगत्याचे आहे. कोठेही उघडून बोट ठेवण्यात दोष असा की वचन आपल्या संदर्भातून सुटते आणि त्या जागी आपल्या इच्छेचा संदर्भ येऊन बसतो. मग देव बोलत आहे असे वाटत असताना आपण आपलेच मन वाचत असतो. मार्ककृत शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत, रोज एक घेतला तर दोन आठवड्यांहून थोडेच अधिक दिवस लागतात, आणि येशू माणसांशी कसा वागतो हे इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसते. रोज एक स्तोत्र घेतल्यास 150 स्तोत्रे पाच महिन्यांत वाचून होतात. ज्याच्या मनात अशा वाचनाचा साठा आहे, त्याला निर्णयाच्या वेळी योग्य वचन आठवून देणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. पण आठवण्यासाठी आधी ते वाचलेले असावे लागते.

"तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे," हे 119व्या स्तोत्रातील 105वे वचन आपल्या भिंतींवर असते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा दिवा कसा होता, याचा विचार करावा. काठाला चिमटा काढून वात ठेवण्यासाठी चोच केलेली मातीची लहान पणती, आत जैतुनाचे तेल, आणि काळोखात ती हातात धरून चालणारा माणूस. तिचा उजेड पावलाभोवती पडतो. पुढचे वळण त्यात दिसत नाही, मुक्कामाचे गाव तर नाहीच. पण पाऊल टाकले की उजेडही तेवढाच पुढे सरकतो. मार्गदर्शनाकडून आपण दुपारच्या उन्हाची अपेक्षा करतो आणि हातातल्या पणतीला अंधार म्हणतो, ही आपली नेहमीची चूक आहे.

निर्णय समोर असताना

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे येऊ. वहीच्या नव्या पानावर प्रश्न एका वाक्यात, तारखेसह लिहावा. लिहिताना पुष्कळदा असे आढळते की आपला प्रश्न वेगळाच होता. "मी हे घर विकावे का" असे लिहायला बसलेल्या माणसाला "मी भावाला क्षमा करावी का" हा खरा प्रश्न असल्याचे कळू शकते. त्याखाली मला काय व्हावेसे वाटते, हे स्पष्ट शब्दांत लिहून टाकावे. आपली ओढ देवापासून लपवून ठेवण्यात काही हशील नाही, आणि ती कागदावर आली म्हणजे तिच्याकडे थोडे दूरून पाहता येते. ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणारे आणि त्यासाठी माणसांपुढे हात न पसरता प्रार्थनेवर विसंबणारे जॉर्ज म्यूलर (1805–1898) या बाबतीत फार काटेकोर होते. एखाद्या गोष्टीविषयी देवाची इच्छा शोधताना, त्या गोष्टीत आपल्या मनाला स्वतःची इच्छा उरू नये अशी अवस्था आधी यावी, यासाठी ते झटत, आणि बहुतेक अडचण तेथेच सुटते असा त्यांचा अनुभव होता. ही अवस्था एका प्रार्थनेत येत नाही. म्हणून "तू देशील ते मी स्वीकारीन" असे म्हणवत नसेल, तर "ते स्वीकारण्याची इच्छा माझ्यात निर्माण कर" असे म्हणावे. ही लहान प्रार्थना खोटी नसते.

त्यानंतर माहिती गोळा करावी. प्रार्थना केली म्हणजे चौकशी करण्याची गरज उरली नाही, असे समजणे म्हणजे देवाने दिलेल्या बुद्धीचा अनादर आहे; आणि चौकशी पुरी झाली म्हणजे प्रार्थनेचे काय काम, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. यहोशवाच्या 9व्या अध्यायात गिबोनचे लोक जुनी पोती, ठिगळे लावलेले जोडे आणि बुरसलेली भाकर घेऊन येतात आणि आपण फार दूरच्या देशाहून आलो असे सांगतात. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी त्यांची शिदोरी तपासली, पुरावा पटण्याजोगा होता, आणि त्यांनी करार करून टाकला. परमेश्वराला मात्र त्यांनी विचारले नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. तीन दिवसांनी कळले की ती माणसे शेजारचीच होती. भाकर तपासण्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते, पण तपासून झाल्यावर ते थेट शपथ घेऊन मोकळे झाले.

तिसरी गोष्ट म्हणजे एकट्याने ठरवू नये. आपल्या मताला मत मिळवणाऱ्या मित्राला विचारून फारसे काही हाती लागत नाही. विश्वासात मुरलेली दोन माणसे निवडावीत: एक असे, ज्याला आपल्या निर्णयाचा त्रास सोसावा लागणार आहे, आणि दुसरे असे, ज्याचा त्यात काहीही लाभ अथवा तोटा नाही. पहिल्याकडून निर्णयाची खरी किंमत कळते आणि दुसऱ्याकडून त्याचा खरा आकार दिसतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात हे फार सुंदर दिसते. पौल आणि त्याचे सोबती आसिया प्रांतात वचन सांगू इच्छितात, पण पवित्र आत्मा त्यांना मना करतो. ते बिथुनियाकडे वळू पाहतात, तेथेही आत्मा त्यांना जाऊ देत नाही. दोन दारे बंद झाल्यावर ते त्रोवसास येतात आणि तेथे रात्री पौलाला मासेदोनियातील एक माणूस विनवीत असल्याचा दृष्टान्त होतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, परंतु देवाने आपल्याला तिकडे बोलावले आहे हे अनुमान 'आम्ही' काढले, असे वृत्तांत लिहिणारा लूक म्हणतो. ज्या पौलाला प्रभूने वाटेत अडवून हाक मारली होती, त्यानेही आपला दृष्टान्त सोबत्यांपुढे ठेवला, ही गोष्ट आपण साऱ्यांनी मनावर घ्यावी.

आणि पुढे काय झाले? फिलिप्पै येथे पोचल्यावर लुदियेने विश्वास ठेवला, तिचे घर उघडले गेले. त्यानंतर पौल व सीला यांना छड्यांनी मारून खोड्यात अडकवण्यात आले. मार्गदर्शन बरोबर होते आणि तरीही तुरुंग चुकला नाही. म्हणून निर्णयानंतर अडचणी आल्या एवढ्यावरून तो देवाकडून नव्हता, असा निष्कर्ष काढू नये. सगळे सुरळीत पार पडले एवढ्यावरून तो देवाकडून होता, असाही काढू नये. योनाला तार्शीशाला जाणारे जहाज अगदी हवे तेव्हा मिळाले होते.

मनाला वाटणाऱ्या शांतीविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ती निरर्थक नाही, परंतु तिची पारख करावी लागते. लोयोलाचे इग्नेशियस (1491–1556) 1521 मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत पायाला गोळा लागून जखमी झाले आणि दीर्घकाळ अंथरुणावर पडून होते. त्या काळात त्यांच्या ध्यानात आले की शौर्य आणि मानमरातब यांची स्वप्ने रंगवताना मन सुखावते, पण नंतर कोरडे पडते. ख्रिस्ताचा आणि संतांचा विचार करताना लाभलेला आनंद मात्र विचार संपल्यावरही टिकून राहतो. त्यांनी यातून जो नियम घालून दिला, तो कोणत्याही परंपरेतील विश्वासणाऱ्याला उपयोगी पडणारा आहे: मन अंधारलेले आणि निराश असताना, चांगल्या वेळी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. म्हणून दोन्ही पर्याय निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी देवासमोर मांडून पाहावेत, आणि एखाद्या पर्यायाने क्षणभर उत्साह आला का यापेक्षा दुसऱ्या दिवशी मागे काय उरले, हे टिपून ठेवावे. शरीर थकलेले असेल तर आधी झोपावे. एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, त्याला जेवू दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवायला उठवले. होरेब पर्वतावरची मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी आली.

चिन्ह मागावे का, असे विचारणाऱ्यांना मी गिदोनाचा वृत्तांत पूर्ण वाचायला सांगतो. दव पडण्याचे चिन्ह मागून त्याने लोकर खळ्यात ठेवली तेव्हा त्याला देवाची आज्ञा आधीच मिळालेली होती. तो आपल्या दुबळेपणामुळे पुन्हा विचारत होता आणि आपला राग भडकू नये अशी विनंती करत होता. देवाने ते सहन केले, ही कृपा आहे. ती आपली नेहमीची पद्धत बनवू नये. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, पण पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा आल्यानंतर विश्वासणाऱ्यांनी अशा रीतीने निर्णय घेतल्याची नोंद नव्या करारात पुन्हा आढळत नाही. यरुशलेमेतील सभेच्या पत्रात "पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले" असे शब्द आहेत.

शेवटी ठरवलेल्या तारखेला निर्णय घेऊन टाकावा. कधीकधी दोन्ही वाटा देवाला मान्य असतात आणि निवड तो खरोखर आपल्यावर सोपवतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल विधवेविषयी म्हणतो की तिची इच्छा असेल त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये व्हावे. विवाहासारख्या गोष्टीत एवढे स्वातंत्र्य दिलेले असताना, आपण लहानसहान बाबतीत पाऊल उचलायला घाबरावे, हे पित्याला आवडत असेल असे मला वाटत नाही.

एका गोष्टीपासून सावध राहावे

"देवाने मला सांगितले आहे" हे वाक्य दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी कधीही वापरू नये. पतीने पत्नीवर, पालकांनी मुलांवर, पुढाऱ्याने मंडळीवर या वाक्याचा भार टाकलेला मी पाहिला आहे, आणि त्याने झालेल्या जखमा फार उशिरा भरतात. त्याऐवजी "मला असे वाटते, तुम्हीही प्रार्थना करून पाहा" असे म्हणावे. तसेच, कोणी भविष्यवाणीच्या नावाखाली पैसे मागत असेल, चालू असलेले औषध बंद करायला सांगत असेल किंवा आपल्याला जवळच्या माणसांपासून तोडत असेल, तर ते ऐकू नये, आणि आपल्या पाळकांना किंवा जाणत्या विश्वासणाऱ्याला लगेच सांगावे. आत्म्यांची परीक्षा करा, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. ती परीक्षा करणे म्हणजे अविश्वास नव्हे.

थांबावे लागते तेव्हा

योसेफ 17 वर्षांचा असताना त्याला स्वप्ने पडली आणि तो फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता. फारोचा प्यालेबरदार त्याला विसरल्यानंतरही पूर्ण दोन वर्षे तो तुरुंगातच होता. त्या वर्षांत देव काय बोलला याविषयी शास्त्र काही सांगत नाही. परमेश्वर योसेफाबरोबर होता आणि योसेफ हाती आलेले काम नीट करत होता, एवढेच सांगते. थांबण्याच्या काळात करण्यासारखे तेच आहे. वहीतील प्रश्नासमोर दर महिन्याला फक्त तारीख घालावी आणि त्या महिन्यात कोणती कृपा मिळाली, हे एका ओळीत लिहावे. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळाले. त्या उत्तराने त्याचे दुखणे थांबले असे तो म्हणत नाही.

चुकल्यावर

मी ते बोलावणे स्वीकारले. वर सांगितलेले सारे, जसे जमले तसे, केले होते, आणि तरीही आज मागे पाहताना मला वाटते की माझा निर्णय चुकला. पगाराची ओढ मी कागदावर लिहिली होती, पण सोडली नव्हती. दीड वर्षात ते काम सुटले. त्याच काळात माझ्या वडिलांचे मोठे आजारपण झाले आणि रुग्णालयातल्या सगळ्या रात्री माझ्या धाकट्या भावाने एकट्याने काढल्या. परत आलो तेव्हा त्याने मला काही ऐकवले नाही, आणि ते न ऐकवणेच मला अधिक लागले.

अशा वेळी दोन आवाज जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून त्यांतला फरक ओळखायला शिकावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौल देवाच्या इच्छेप्रमाणे होणारे दुःख आणि जगाचे दुःख असा भेद करतो. पहिले पश्चात्तापाकडे नेते आणि दुसरे मरणाकडे. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका दाखवतो: अमुक दिवशी, अमुक माणसाशी, अमुक वागलास, आणि पुढे काय करावे तेही सुचवतो. दोषारोप करणारा आवाज मात्र "तू असाच आहेस" असे मोघम बोलतो आणि करण्यासारखे काहीच ठेवत नाही. पहिला आवाज ऐकावा. दुसऱ्याला रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातील पहिले वचन ऐकवावे: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

माझ्या बाबतीत पहिला आवाज भावाविषयी होता. मी त्याच्याकडे गेलो, "देवाने त्यातूनही चांगलेच केले असेल" असे काही न म्हणता त्या रात्रींबद्दल त्याची क्षमा मागितली, आणि पुढची देखभाल कशी वाटून घ्यायची ते आम्ही तेथेच बसून ठरवले. कोणाचे नुकसान झाले असेल, तर कृपेचे नाव घेऊन ते झाकू नये; देवाची क्षमा मिळाली आहे म्हणूनच माणसाकडे जाण्याचे धैर्य येते.

पेत्राने प्रभूला नाकारले ते कोळशांच्या विस्तवाजवळ, हात शेकत उभा असताना, हे योहान आवर्जून नोंदवतो. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी येशू त्याच्यासाठी पुन्हा कोळशांचाच विस्तव पेटवून ठेवतो, त्यावर मासळी आणि भाकर असते, आणि न्याहारी झाल्यानंतर, जितक्या वेळा पेत्राने नाकारले होते तितक्याच वेळा, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" असे विचारतो. त्या रात्रीचा हिशेब तो मागत नाही. प्रत्येक उत्तरानंतर तो त्याला काम देतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. चुकलेल्या माणसाला मार्गदर्शन पुन्हा मिळू लागते ते असेच, बहुधा लहानशा आणि हाताशी असलेल्या कामाच्या रूपाने, आणि ते ओळखण्यासाठी चुकलेल्या फाट्यापर्यंत मागे जावे लागत नाही. म्हणून वहीचे नवे पान उघडावे, त्यावर आजची तारीख घालावी, आणि प्रश्न आज आपण जेथे उभे आहोत तेथूनच लिहावा. माझ्या त्या पानावर वडिलांच्या औषधांच्या वेळा आणि माझ्या वाट्याला आलेल्या तीन रात्री लिहिलेल्या आहेत.